नांदत नाही, नोंदत नाही

फलटणात कुणाची सून नांदत नाही हे कळायला कोर्टकचेरी लागत नाही. दिवाळसणाला जावई आला नाही की मलठणात कुजबुज होते, जिंती नाक्यावर चर्चा झडते आणि संध्याकाळपर्यंत कोळकीत निकाल लागलेला असतो. दोष कुणाचा, दागिने कुणाकडं राहिले, पोरगं कुणाला हवंय आणि मध्यस्थी करणारे मामा नेमके कुठं कमी पडले, सगळं ठरलेलं असतं. अपिलाचीही सोय असते. ते पुढच्या लग्नाच्या पंगतीत चालतं.

आता हीच माहिती कागदावर आणून दाखवा म्हटलं की सगळ्यांची वाचा बसते.

कागद हवा असतो एखाद्या मुलीच्या बापाला. स्थळ आलेलं असतं, मुलगा चाकणला कंपनीत, घरची बागायत, आणि बायोडाटात खाली बारीक अक्षरात 'घटस्फोट (कायदेशीर)'. कंसातल्या त्या एका शब्दानं बाप सावध होतो. बेकायदेशीर घटस्फोटही असतो की काय? असतो, त्याच्याकडं येऊच. तर बाप चौकशीला निघतो आणि पहिल्यांदा जातो मुलाच्या गावच्या ग्रामपंचायतीत, कारण आपल्याकडं माणसाच्या आयुष्याची सगळी दप्तरं तिथंच असतात असा समज आहे.

दप्तरं आहेतही. जन्माचं आहे, मृत्यूचं आहे. 1998 च्या कायद्यानं लग्नाचंही आहे. गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक. शिवाय सुप्रीम कोर्टानं सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सगळ्या राज्यांना लग्नाची नोंद सक्तीची करा असं बजावलेलं आहे. त्या निकालाची तारीख 14 फेब्रुवारी 2006. दिवस कुणी मुद्दाम निवडला नसावा. पण घटस्फोटाचं रजिस्टर मागितलं की ग्रामसेवक भाऊसाहेब चष्म्यावरून बघतात. "तसलं रजिस्टर नसतंय, पाव्हणं."

खरंच नसतं. जमिनीवर कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो, फेडलं की उतरतो, फेरफाराला नंबर पडतो. लग्नाच्या रजिस्टरात एकदा नाव चढलं की चढलं. कोर्टानं ते लग्न मोडलं तरी तिथं कुणी लाल शाईचा शेरा मारायला येत नाही. त्यामुळं त्या दप्तरातली सगळी लग्नं आजतागायत सुखाची आहेत.

हे काही जगाचं कोडं नाही, आपल्याच आसपास सोडवून ठेवलेलं आहे. गोव्यात लग्न नागरी निबंधकाकडं नोंदवल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि घटस्फोट झाला की त्याच नोंदीच्या समासात शेरा पडतो. तिथं घटस्फोटाचा कायदाच आला 1910 साली, पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं त्याच वर्षी. पोर्तुगीज 1961 ला गेले, समास ठेवून गेले. दुसरे आपले मुंबईचे पारशी. त्यांच्या 1936 च्या कायद्यात साधी तरतूद आहे: कोर्टानं लग्न मोडलं की हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडं पाठवायची आणि त्यानं ती रजिस्टरात चढवायची. संपलं. आमचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर 19 वर्षांनी, 1955 च्या मे महिन्यात आला. समोर तयार मसुदा होता. सप्तपदी घेतली, सपिंड घेतलं, हे एक कलम घ्यायचं तेवढं राहिलं.

मग बाप कोर्टात जातो. घटस्फोटाचा एकमेव खरा कागद तिथं असतो आणि त्याचं नाव हुकूमनामा. तो आपला आपल्याला हवा असेल तर फार अवघड नाही. नक्कल विभागात अर्ज द्यायचा, त्यावर तिकीट लावायचं, केसचा नंबर आणि वर्ष लिहायचं, नकलेचा आकार भरायचा आणि सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची. केस नंबर म्हणजे 'एचएमपी', अमुक ऑब्लिक तमुक. हिंदू मॅरेज पिटिशनचं हे कोर्टातलं घरगुती नाव. निम्मा तालुका ते पोटदुखीच्या गोळीसारखं उच्चारतो: "आमचं एचएमपी चालूय."

दुसऱ्याचा हुकूमनामा हवा असेल तर मात्र थांबा. तिऱ्हाइतानं नक्कल मागितली तर कशाला हवी ते लिहून द्यावं लागतं, आणि द्यायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. मग कुणीतरी हुशार भाचा सुचवतो, "मामा, माहिती अधिकार टाका." टाकू नका. कोर्टाच्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या, माहिती अधिकाराच्या दारानं यायचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 4 मार्च 2020 रोजी गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगून टाकलंय. भाचा गप्प बसत नाही. तो मोबाईल काढतो आणि ई-कोर्टच्या साइटवर मुलाचं नाव टाकतो. इथं गंमत अशी की नाव इंग्रजीत टाकायचं आणि ते इंग्रजी कुणाचं हे ठाऊक नसतं. निंबाळकरात 'एम' की 'एन', भोसल्यात शेवटी 'एल-ई' की 'ए-एल-ई', हे ज्या कारकुनानं केस चढवली त्याच्या त्या दिवसाच्या मूडवर. ज्याच्याकडं सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर आहे त्याला सगळं दिसतं. ज्याच्याकडं नाही त्याला तालुक्यातले सगळे समान नावाचे लोक दिसतात, आणि त्यातले निम्मे बांधाच्या भांडणातले असतात.

त्यात हिंदू विवाह कायद्याचं कलम 22. लग्नाच्या केसेस बंद दाराआड चालवायच्या, आत काय झालं ते छापायचं-पसरवायचं नाही, छापलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. कलम चांगलं आहे, माझी तक्रार नाही. कुणाच्या घरातलं भांडण पेपरात कशाला? पण हजार रुपयांच्या त्या दंडानं नुसता छापखाना गप्प बसतो. बोलण्याला दंड नाही. म्हणून परिस्थिती अशी की ज्याला खरंच खात्री करून घ्यायचीय त्या बापाला कागद मिळत नाही, आणि ज्याचा काही संबंध नाही त्याला बंद दाराआडचा उलटतपास शब्दन् शब्द पाठ.

बापानं काय करावं? नक्कल सरळ मुलाकडंच मागावी. "आमची पोर देतोय, हुकूमनाम्याची नक्कल दाखवा." पत्रिका मागायला लाजत नाही, पगाराची स्लिप मागायला लाजत नाही. ज्याच्याकडं आहे तो दाखवतो. आणि नक्कल हातात आली की तारीख बघावी. निकालानंतर अपिलाची मुदत 90 दिवसांची. ती संपल्याशिवाय, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळल्याशिवाय, दुसऱ्या लग्नाचा हॉल बुक करायचा नाही, असं कलम 15 सांगतं. नक्कल मागितल्यावर जो म्हणतो "कागद वकिलाकडं आहेत", त्याच्या वकिलाचा नंबर घ्या. जो म्हणतो "तसा कागद नाही, पण सगळ्यांसमोर मिटवलंय", तो कंसातला 'कायदेशीर' लिहिणारा.

हा 'सगळ्यांसमोर मिटवलेला' प्रकार आपल्याकडं जुना आणि लाडका. पाचजण बसतात, दागिन्यांची पोटली इकडून तिकडं जाते, लाखाच्या आकड्यावर घासाघीस होते आणि मग स्टॅम्प पेपर येतो. "आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत असून यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही." खाली दोन साक्षीदार, वर नोटरीचा लाल शिक्का. शिक्का इतका गोल आणि लाल असतो की तो खोटा वाटतच नाही. कागदाची किंमत मात्र कागदाएवढीच. ज्या समाजात काडीमोडीची रूढी खरोखर चालत आलीय, त्यांची रूढी 1955 च्या कायद्यानं कलम 29 मध्ये शाबूत ठेवली आहे. पण ती रूढी आहे हे पुराव्यानं कोर्टात शाबीत करावं लागतं, आणि 'आमच्यात असंच करतात' हा पुरावा होत नाही. बाकीच्यांनी शंभरच्या स्टॅम्पवर कितीही फारकती लिहिल्या तरी लग्न जागच्या जागी. त्यावर दुसरं केलं तर ते दुसरं लग्न नाही, गुन्हा आहे. नव्या न्याय संहितेत कलम 82, सात वर्षांपर्यंत.

ऑक्टोबर 2024 मध्ये या धंद्यावर दोन संकटं एकदम आली. केंद्राच्या विधी खात्यानं नोटरींना लेखी कळवलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करणं हे तुमचं काम नाही. आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं शंभर-दोनशेचे स्टॅम्प बाद करून पाचशेवर नेले. पहिल्या हुकुमाची तालुक्यात कुणी दखल घेतल्याचं ऐकिवात नाही. दुसऱ्याबद्दल मात्र बरीच हळहळ झाली. फारकत महागली ना.

कायद्याची वाट आपल्याकडं अचानक 1955 ला फुटली असंही नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 साली काडीमोडीचा कायदा केला, सगळ्या जातींना लागू. मुंबई प्रांतानं 1947 ला हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. फलटण तेव्हा नाईक निंबाळकरांचं संस्थान होतं, 1948 ला विलीन झालं. म्हणजे मुंबई सरकारनं कायदा केला त्या वर्षी आपण वेगळ्या राज्यात नांदत होतो. नांदणं आणि विलीन होणं या गोष्टी या गावाला नव्या नाहीत.

बरं, समजा एखादीनं ठरवलं की स्टॅम्प नको, पंच नकोत, सरळ केस करायची. पहिला प्रश्न, कुठं? लग्न लागलं बारामतीच्या मंगल कार्यालयात, कारण तिथं पार्किंग होतं. संसार झाला पिंपरी-चिंचवडला वन आरके मध्ये. ती आता फलटणला माहेरी. कायद्याचं कलम 19 इथं उदार आहे: लग्न लागलं तिथं, शेवटी एकत्र राहिले तिथं, जाबदार राहतो तिथं, आणि अर्जदार बायको असेल तर ती राहते तिथंही. हे शेवटचं दार 2003 च्या दुरुस्तीनं उघडलं. त्याआधी नवरा पुण्याला तर हिनं पुण्याला जायचं, कडेवर पोर घेऊन, पहाटेच्या गाडीनं. त्यामुळं ज्या घरातल्या बायका हल्ली 'कायदा फार बायकांच्या बाजूचा झालाय' असं ऐकून घेतात, त्यांनी एवढं उत्तर द्यायला हरकत नाही की कायद्यानं फक्त एसटीचं भाडं वाचवलं.

पण नवराही कच्चा नसतो. हिनं इथं टाकायच्या आत तो तिकडं टाकतो. मग खटला जिल्ह्याबाहेरून आपल्याकडं आणायला हायकोर्ट. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सातारा जिल्हा त्यात. चांगलं झालं, मुंबईची वारी टळली. पण फलटण-बारामती अंतर तीसेक किलोमीटर आणि मध्ये नीरा. नदीच्या अलीकडचं हायकोर्ट आता कोल्हापूर, पलीकडचं मुंबई. सोयरीक जमवताना नदीचा विचार कुणी करत नाही. इथून पुढं करायला लागेल.

कायदा म्हणतो 'जिल्हा न्यायालय', म्हणून कैकजण थेट जिल्ह्याच्या ठिकाणचं तिकीट काढतात. आपल्या राज्यात जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं हे काम दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं चालतं. कनिष्ठ स्तराकडं नाही. कोर्टाच्या आवारात शिरल्यावर पहिला माणूस जो भेटतो तो हे सांगत नाही, तो फाईलकव्हर विकत असतो.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज चालत नाही. फार विलक्षण हालअपेष्टा असतील तर कोर्ट सूट देतं, पण 'स्वभाव जुळत नाही' ही हालअपेष्टा नव्हे. तसं बघायला गेलं तर स्वभाव न जुळणं हे कुठल्याच वर्षी कारण नाही. कारणं ठरलेली आहेत: क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून देणं, परस्त्री किंवा परपुरुष, धर्मांतर, असाध्य वेड, सात वर्षं बेपत्ता वगैरे. त्यातून आपल्याकडच्या अर्जात हमखास येतात ती पहिली दोन. म्हणून ज्यांचं फक्त पटत नव्हतं, त्यांनाही एकमेकांना क्रूर ठरवावं लागतं. अर्जात ती उद्धट, उशिरा उठणारी, आईच्या सांगण्यावरून चालणारी. कैफियतीत तो व्यसनी, संशयी, आईच्या सांगण्यावरून चालणारा. 'अर्जातील मजकूर खरा नसून जाबदारास मान्य व कबूल नाही.' दोन्ही आया मागच्या बाकावर बसून हे ऐकतात. खरं म्हणजे केस त्यांच्यातच लावली तर लवकर मिटेल.

'संसार पार मोडलाय, कुणाचाही दोष नाही' एवढ्यावर घटस्फोट द्यावा, असं सुप्रीम कोर्टानं 2006 साली सरकारला सुचवलं. राज्यसभेनं 2013 ला विधेयक पासही केलं. पुढं ते लोकसभेच्या दारात विरघळलं. मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या कारणावर लग्न मोडायचा अधिकार आम्हाला राज्यघटनेच्या कलम 142 खाली आहे. आम्हाला, म्हणजे दिल्लीत. तालुक्याच्या कोर्टाला नाही. म्हणजे ज्याला भांडण न करता वेगळं व्हायचंय आणि दुसरा पक्ष सही देत नाही, त्यानं आधी दिल्लीपर्यंत भांडायचं.

दुसरा पक्ष सही देत असेल तर संमतीचा रस्ता आहे, 1976 पासूनचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असायचं, दोघांनी मिळून अर्ज द्यायचा, मग कायदा सहा महिने वाट बघायला लावतो. या सहा महिन्यांत मन बदलेल अशी कायदेमंडळाला आशा. मन बदलतं, पण ते बहुधा पैशाच्या आकड्याबाबत. 2017 च्या सप्टेंबरात अमरदीप सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे सहा महिने कोर्टाला माफ करता येतील असं ठरवलं: वेगळं राहून दीड वर्षाहून जास्त झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी-मूल-दागिने यांचा निकाल आपापसात लागलेला असावा. हे इथं पुष्कळांना माहीत नाही. वकिलाला विचारा.

आणि मग तारीख. कायद्याच्या 21-ब कलमात लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा. प्रयत्न. बेलिफ पहिल्यांदा जातो तेव्हा घराला कुलूप, दुसऱ्यांदा जातो तेव्हा 'इसम पत्त्यावर मिळून आला नाही', आणि तो इसम त्याच संध्याकाळी चौकात वडापाव खाताना सगळ्यांना मिळून येतो. नोटीस बजावली की वकीलपत्र, मग कैफियतीला मुदत, मग 'से' म्हणजे लेखी म्हणण्यासाठी मुदत, मग अंतरिम पोटगीचा अर्ज, त्याला 'से', मग साहेब रजेवर. अंतरिम पोटगीचा अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा असं कलम 24 मध्ये आहे. हेही शक्यतो.

तुमच्याच केसला वेळ लागतोय असं समजू नका. दास्ताने विरुद्ध दास्ताने. घटस्फोटाच्या वकिलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल वाचावा लागतो, आणि तो आपल्या पुण्याचा. 1956 चं लग्न, 1962 ला नवऱ्यानं पुण्याच्या कोर्टात अर्ज टाकला. पहिल्या कोर्टानं बायकोची क्रूरता मान्य करून न्यायिक फारकत दिली. जिल्हा कोर्टानं ती काढून घेतली. हायकोर्टानं जिल्हा कोर्टाला बरोबर ठरवलं. सुप्रीम कोर्टात न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी 1975 च्या मार्चमध्ये निकाल दिला. तेरा वर्षं! आणि निकाल काय? क्रूरता शाबीत आहे, पण त्यानंतरही दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिले, तिसरं मूल झालं, म्हणजे नवऱ्यानं ती क्रूरता माफ केली. अपील फेटाळलं. क्रूरतेची व्याख्या देशाला मिळाली, नवऱ्याला घटस्फोट मिळाला नाही.

इथपर्यंत थट्टा चालली. आता ज्यांच्याकडं ना अर्ज, ना तारीख, ना हुकूमनामा, त्यांच्याकडं या. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांची संख्या साडेतेरा लाखांच्या आसपास भरली. 'विभक्त' म्हणून नोंदलेले त्यांच्या अडीच पटींहून जास्त. त्यांतल्या बायकांना आपल्याकडं टाकलेली म्हणतात. सरकारी मराठीत परित्यक्ता. नवऱ्यानं दुसरी करून घेतलेली असते, फारकतीचा स्टॅम्पही नसतो, ही भावाच्या घरी एका खोलीत. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात या बायकांचा प्रश्न चळवळीत आणला कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या बाईनं. मागण्या फार मोठ्या नव्हत्या: स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, कसायला थोडी जमीन. रेशनकार्ड मागायला मोर्चा काढावा लागायचा, कारण कार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव लागायचं आणि कुटुंबप्रमुख दुसऱ्या कुटुंबाचा प्रमुख झालेला असायचा.

जुनी गोष्ट म्हणाल, तर 2024 ला लाडकी बहीण योजना आली. 21 ते 65 वयाची, महिना 1500 रुपये. पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता सगळ्या. कागदावर उत्तम. 2025 ला ई-केवायसी आली आणि तिनं पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ज्या नवऱ्यानं दहा वर्षांत पोरगं शाळेत गेलं का विचारलं नाही, त्याला फोन करून ओटीपी मागायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी संसारांमधला तो शेवटचा संवाद असणार. ओरड झाल्यावर सरकारनं सोय सांगितली: पती नसेल तर मृत्यूचा दाखला, नाहीतर घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत जमा करा.

घटस्फोटाचं प्रमाणपत्र! हे कुठलं कार्यालय देतं ते सरकारनंच एकदा जाहीर करावं. तहसील देत नाही, नगरपरिषद देत नाही, ग्रामपंचायतीचं वर सांगितलंच. सेतूत विचारलं तर उत्पन्नाचा दाखला देऊ का म्हणतात. तो घेऊन संजय गांधी निराधार योजनेच्या खिडकीवर जावं, तर तिथं उत्पन्नाची अट वर्षाला 21,000. म्हणजे महिन्याला साडेसतराशेच्या वर कमवायचं नाही, आणि तरी तालुक्याला येण्याएवढं भाडं जवळ असावं. आणि टाकलेल्या बाईकडं तर कोर्टाचा आदेशही नाही, कारण ती कोर्टात गेलीच नाही. का नाही गेली? पैसे लागतात म्हणून.

या शेवटच्या उत्तराचा मला राग येतो, बाईचा नाही, ज्यांनी तिला ते सांगितलं त्यांचा. 1994 पासून महाराष्ट्रात बाईला घटस्फोट, पोटगी, घरातला छळ आणि मालमत्तेच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बाई असणं एवढंच पुरतं. त्यासाठी तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते. तिचा बोर्ड असतो, बोर्डाच्या पुढं बहुधा कुणाची तरी बुलेट लावलेली असते. तिथं साध्या कागदावर अर्ज द्यायचा. पोटगी हवी असेल तर घटस्फोटच घ्यायला हवा असं नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली नुसत्या पोटगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जावर झालेला हुकूम हाही कोर्टाचा आदेशच असतो. लाडक्या बहिणीच्या खिडकीवर निदान दाखवायला काहीतरी कागद होतो.

सरकारकडं मागणी एकच आणि स्वस्तातली. प्रत्येक कोर्टानं घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लग्न नोंदलं गेलं तिथं पाठवावी, आणि तिथं समासात एक ओळ पडावी. पारशांसाठी हे 1936 पासून कायद्यात आहे. नव्या योजनेला नाव काय द्यायचं एवढाच प्रश्न असेल, तर ते 'मुख्यमंत्री' या शब्दानं सुरू केलं तरी चालेल.

तोवर ज्यांचा निकाल यंदा लागणार आहे त्यांनी एक करावं. हिंदू विवाह कायदा, कलम 23, पोटकलम 4: घटस्फोट झाला की कोर्टानं हुकूमनाम्याची एक-एक प्रत दोन्ही पक्षांना विनाशुल्क द्यायची असते. कुणी आपणहून हातात ठेवील म्हणून थांबू नका. निकालाच्या दिवशीच वकिलामार्फत लेखी मागा, आणि प्रत मिळाली की तिच्या चार झेरॉक्स काढून एक माहेरी ठेवा.